एका जनुकावर पीक येत नाही

जूनच्या तोंडावर नांदेडच्या कृषी सेवा केंद्रात कापसाच्या बियाण्याचे जे पाकीट विकले जाते, ते नुसत्या सरकीसाठी घेतले जात नाही; तिच्या आत असलेल्या जनुकांसाठी घेतले जाते. ‘बीजी-टू आहे का?’ असे शेतकरी विचारतो तेव्हा तो प्रत्यक्षात दोन जनुकांची चौकशी करत असतो. जनुक ही गोष्ट आता अशी आपल्या रोजच्या व्यवहारात आली आहे. घराण्यातला मधुमेह, पोराची हुशारी, गाईचे दूध या सगळ्याचे कारण ‘ते जीन्समध्येच आहे’ असे सांगून आपण मोकळे होतो. जनुक म्हणजे कपाळावरचा लेख, तो बदलत नाही आणि त्यापुढे कोणाचे चालत नाही, अशी एक समजूत त्यातून पक्की होत गेली आहे. ही समजूत अर्धवट आहे आणि शेतीपासून माणसाच्या आयुष्यापर्यंत सगळीकडे ती महागात पडते. जनुकाचे सामर्थ्य खरे आहे, परंतु कोणतेही जनुक एकटे काम करत नाही. त्याचा परिणाम सोबतच्या इतर जनुकांवर, त्या जिवाला मिळालेल्या परिस्थितीवर आणि भोवतालच्या दुसऱ्या जिवांच्या जनुकांवर अवलंबून असतो. याचे भक्कम पुरावे नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतच आहेत.

आधी जनुक म्हणजे काय ते नीट पाहू. प्रत्येक सजीवाच्या पेशीत डीएनए नावाचा लांबलचक रेणू असतो. तो चार रासायनिक घटकांच्या साखळीने बनतो आणि त्या घटकांना ए, टी, जी, सी अशी नावे आहेत. या घटकांचा क्रम हाच मजकूर. त्यातला जो तुकडा एखादे प्रथिन कसे बनवायचे ते सांगतो, त्याला ढोबळमानाने जनुक म्हणतात. पेशी तो मजकूर वाचते, त्याप्रमाणे अमिनो आम्ले एकापुढे एक जोडते आणि प्रथिन तयार होते. पानाचा हिरवा रंग, रक्तातून प्राणवायू वाहून नेणे, सरकीच्या सालीवरून निघणारा तंतू, या सगळ्यांमागे शेवटी प्रथिनेच असतात. म्हणजे जनुक थेट दूध देत नाही की कापूस पिकवत नाही. ते प्रथिनाची कृती सांगते आणि तिथून पुढे मोठी साखळी सुरू होते. माणसात अशी सुमारे २० हजार जनुके आहेत, तर आपण लावतो त्या अमेरिकन कापसात सुमारे ७० हजार. हा कापूस दहा-वीस लाख वर्षांपूर्वी दोन वेगळ्या जातींच्या मीलनातून निर्माण झाला आणि दोघींचे डीएनए त्याने जवळजवळ तसेच राखले, म्हणून ही संख्या इतकी मोठी. जिवाची गुंतागुंत जनुकांच्या आकड्यावर ठरत असती, तर कापसाचे झाड माणसाच्या पुढे गेले असते. खरा फरक कोणते जनुक कुठे, केव्हा आणि किती चालू होते यात आहे. मुळाच्या आणि पानाच्या पेशीत मजकूर एकच असतो, पण मुळाची पेशी त्यातली वेगळी पाने वाचते आणि पानाची पेशी वेगळी.

जनुके एकमेकांच्या संगतीत कशी वागतात याचे चांगले उदाहरण नांदेडच्याच मातीत तयार झाले. इथल्या कापूस संशोधन केंद्राने १९८०च्या दशकात एनएचएच-४४ हा संकरित वाण दिला. शेतकरी त्याला ‘नांदेड-४४’ म्हणतात. बीएन-१ आणि एसी-७३८ या दोन अमेरिकन वाणांचा हा संकर. कोरडवाहू जमिनीत तग धरणे, तुडतुड्यांसारख्या रस शोषणाऱ्या किडी सहन करणे आणि पावसाने ताण दिल्यावरही पुन्हा फुटून पाते-बोंडे धरणे, हे त्याचे गुण. मराठवाड्याबाहेर शेजारच्या राज्यांतही तो पसरला. आई-बापापैकी कोणत्याही एकापेक्षा पोर सरस निघाले, ते कोणते नवे जनुक आल्यामुळे नाही. जनुके तीच होती, फक्त जोडी नवी जमली. यालाच संकरजोम म्हणतात. पण याच वाणाची सरकी राखून पुढच्या वर्षी पेरली तर शेत एकसारखे येत नाही. एखादे झाड उंच, एखादे खुजे, कुठे बोंडे भरघोस तर कुठे विरळ. ग्रेगोर मेंडेल यांनी वाटाण्यावरचे प्रयोग मांडून १८६६ मध्ये जे प्रसिद्ध केले, तेच इथे दिसते. आई-बापाकडून आलेले गुण एकमेकांत मिसळून विरघळत नाहीत. ते सुटे राहतात आणि पुढच्या पिढीत पुन्हा वेगवेगळे वाटले जातात. म्हणून संकरित बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते. नांदेड-४४ चे मोल जोडीत होते आणि जोडी दुसऱ्या पिढीत फुटते.

२००२ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने मराठवाड्यातल्याच जालन्याच्या महिको कंपनीच्या तीन बीटी संकरित वाणांना परवानगी दिली आणि चित्र बदलले. मातीत राहणाऱ्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचे क्राय१एसी हे जनुक कापसाच्या डीएनएत बसवलेले होते. जिवाणूचा मजकूर कापसाच्या पेशीला वाचता येतो, कारण पृथ्वीवरच्या जवळजवळ सगळ्या जिवांची जनुकांची भाषा एकच आहे. या जनुकापासून तयार होणारे प्रथिन बोंडअळीच्या आतड्यातल्या विशिष्ट जागी चिकटते, आतड्याच्या पेशींना भोके पाडते आणि अळी मरते. माणसाच्या किंवा गुरांच्या आतड्यात त्याला चिकटायला तशी जागाच नाही. ज्या हिरव्या बोंडअळीवर फवारण्या करून शेतकरी थकले होते, ती आटोक्यात आली. देशाचे सरासरी रुई उत्पादन २००२-०३ मध्ये हेक्टरी सुमारे ३०० किलो होते, ते २००७-०८ मध्ये ५५० किलोच्या आसपास गेले. दशकभरात देशातले नव्वद टक्क्यांहून अधिक कापूस क्षेत्र बीटीखाली आले. इथे कोणीही विचारील की, एका जनुकाने एवढी क्रांती केली, तर जनुक एकटे काम करत नाही हे म्हणणे टिकते कसे?

आक्षेप वजनदार आहे, म्हणून त्याचे उत्तर तपशिलात द्यायला हवे. पहिली गोष्ट, बीटी जनुक बोंडे वाढवत नाही, ते लागलेली बोंडे वाचवते. बोंडे किती लागतील हे त्या वाणाची बाकीची हजारो जनुके, जमीन, पाऊस आणि खत ठरवतात. उत्पादन वाढले त्याच वर्षांत खतांचा वापर वाढला, गुजरातेत सिंचन वाढले, रस शोषणाऱ्या किडींवर नवी औषधे आली. हे वाटे वेगळे न काढता सगळे श्रेय एका जनुकाला देणे हिशेबाला धरून नाही. २००७-०८ नंतर बीटीचे क्षेत्र वाढतच गेले, सरासरी उत्पादन मात्र पुढे सरकले नाही, हेच त्याचे प्रमाण. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. तेच क्राय१एसी जनुक वेगवेगळ्या संकरांत सारखे चालत नाही, असे नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांना मोजमापातून आढळले. पानात प्रथिन जास्त, फुलात आणि बोंडाच्या कवचात कमी. झाड शंभरेक दिवसांचे झाले की प्रमाण आणखी उतरते. आणि हे सगळे वाणागणिक बदलते. म्हणजे जनुक एकच, पण त्याला घर कोणते मिळाले यावर त्याची ताकद ठरली.

मराठवाड्याला याची किंमत मोजावी लागली. बीटी जनुक मिळाले ते प्रामुख्याने खासगी कंपन्यांच्या संकरांतून. त्यांतले बरेच वाण लांब मुदतीचे आणि पाण्याच्या सोयीसाठी घडवलेले होते. नांदेड-४४ सारख्या कोरडवाहूत कसलेल्या वाणात हे जनुक वेळेवर आले नाही, म्हणून तो मागे पडला. २००९ मध्ये सार्वजनिक संशोधनातून बीटी बीएन (बिकानेरी नरमा) आणि बीटी एनएचएच-४४ आणण्याचा प्रयत्न झाला, पण त्या बियाण्यात खासगी कंपनीचे जनुक आढळल्याने तो थांबवावा लागला. पुढे परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने आणि महाबीजने मिळून नांदेड-४४ ची बीटी आवृत्ती तयार केली, पण मधली वर्षे हातची गेली. एका जनुकाच्या हव्यासात आपण बाकीच्या हजारो जनुकांकडे पाठ फिरवली, हा या इतिहासाचा अर्थ आहे.

तिसरे उत्तर गुलाबी बोंडअळीने दिले. ही अळी जवळजवळ फक्त कापसावर जगते आणि बोंडात शिरून सरकी खाते. तिच्याही पेशीत जनुके आहेत आणि तिच्या लाखोंच्या संख्येत एखाद्या अळीत आतड्यातली ती विशिष्ट जागा घडवणारे जनुक थोडे बदललेले असते. बदललेल्या जागी बीटी प्रथिन चिकटत नाही. बाकीच्या मेल्या की शेत अशाच अळ्यांचे होते. चार्ल्स डार्विन यांनी सांगितलेली नैसर्गिक निवड ती हीच. पण यात एक आशेची जागा होती. अळीला आई-बाप दोघांकडूनही बदललेले जनुक मिळाले तरच ती बचावते, एकाकडून मिळून भागत नाही. म्हणून बीटीच्या भोवती बिगर-बीटी कापसाच्या ओळी लावायच्या, तिथे साधे पतंग वाढू द्यायचे आणि त्यांचा बचावलेल्या पतंगांशी संकर झाला की पुढची पिढी पुन्हा बीटीला बळी पडते, अशी योजना होती. पाकिटासोबत बिगर-बीटी बियाण्याची वेगळी पुडी यायची ती यासाठीच. बहुतेक शेतांत ती पेरली गेली नाही. दोष एकट्या शेतकऱ्याचा म्हणता येणार नाही; त्या पुडीमागचे शास्त्र त्याच्यापर्यंत कोणी धड पोचवले नाही, आणि ते न कळता स्वतःच्या रानात अळ्यांसाठी ओळी कोण सोडील?

त्यात आपल्याकडच्या संकरित कापसाने आणखी भर घातली. जगात बहुतेक ठिकाणी कापसाचे सरळ वाण लावतात. संकरित वाणांवर एवढा भर भारताचाच. बहुतेक बीटी संकरांत बीटी जनुके आई-बापापैकी एकाकडूनच आलेली असतात. त्यामुळे झाडाच्या पानात ही जनुके असली, तरी त्याच्या बोंडातल्या सरकीत ती मेंडेलच्या नियमाने वाटली जातात. बीजी-टूमध्ये क्राय१एसी आणि क्राय२एबी अशी दोन जनुके आहेत. दर १६ सरक्यांमागे ९ मध्ये दोन्ही, ३ मध्ये फक्त पहिले, ३ मध्ये फक्त दुसरे आणि एकीत काहीच नाही, असे सर्वसाधारण प्रमाण निघते. सरकीसरकीतून फिरणाऱ्या अळीला असे कमी-जास्त विष मिळते, तिची प्रतिकारशक्ती हळूहळू वाढायला मोकळीक मिळते. २००९-१० मध्ये गुजरातच्या अमरेलीत क्राय१एसीला न जुमानणारी गुलाबी बोंडअळी नोंदली गेली. काही वर्षांतच बीजी-टूही निकामी ठरू लागले आणि २०१७ च्या खरिपात महाराष्ट्रातला कापूस मोठ्या प्रमाणावर पोखरला गेला. फेब्रुवारी-मार्चपर्यंत फरदड, म्हणजे वेचणीनंतरही तसेच ठेवलेले पीक, राखल्याने अळीला उपाशी राहण्याचा काळच उरला नव्हता.

आता याच अळीची अमेरिकेतली कहाणी शेजारी ठेवून पाहावी. अॅरिझोनात १९९६ पासून क्राय१एसी असलेला कापूस लावला गेला. सुरुवातीची दहा वर्षे तिथल्या शेतकऱ्यांनी बिगर-बीटी क्षेत्र कसोशीने राखले. २००६ पासून त्याऐवजी प्रयोगशाळेत वाढवलेले वांझ पतंग विमानातून सोडण्यात आले. ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेने आपल्या कापूस पट्ट्यातून गुलाबी बोंडअळीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. जनुक तेच, अळीही तीच, आणि निकाल मात्र पूर्ण उलटे. फरक पडला तो वाणाच्या रचनेने, पिकाच्या मुदतीने, शेजाऱ्या-शेजाऱ्यांतल्या शिस्तीने आणि सरकारी यंत्रणेच्या चिकाटीने. जनुकाचा परिणाम जनुकाबाहेर ठरतो, याहून स्वच्छ पुरावा मिळणे अवघड आहे.

पिकाचे सोडा, माणसाच्या आजारांत तर एकच जनुक निर्णायक ठरते, असा दुसरा आक्षेप येईल. त्यासाठी सिकल सेलचे उदाहरण घेऊ, कारण नांदेड जिल्ह्याच्या किनवट-माहूरच्या डोंगरपट्ट्यातल्या आदिवासी समाजांत हा आजार आढळतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनचा एक भाग घडवणाऱ्या जनुकात एकच अक्षर बदलते, ए च्या जागी टी येतो. त्याने प्रथिनातले सहावे अमिनो आम्ल बदलते आणि प्राणवायू कमी पडला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. त्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, असह्य वेदना होतात आणि शरीरात रक्त टिकत नाही. एका अक्षराने एवढा आघात होतो, हे खरे आहे आणि ते झाकण्याचे कारण नाही. पण एकाच पालकाकडून हे जनुक मिळालेला माणूस सहसा निरोगी आयुष्य जगतो, शिवाय लहानपणी मलेरियाच्या घातक झटक्यापासून त्याला संरक्षण मिळते. मलेरियाच्या प्रदेशांत हे जनुक टिकून राहिले ते त्यामुळेच. दोन्ही पालकांकडून ते मिळालेल्या रुग्णांतही आजाराची तीव्रता सारखी नसते. ज्यांच्या रक्तात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन जन्मानंतरही बऱ्यापैकी टिकते, त्यांचा त्रास कमी असतो आणि ते किती टिकेल हे दुसरी जनुके ठरवतात. हायड्रॉक्सियुरिया हे औषध तेच हिमोग्लोबिन वाढवते. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने मान्य केलेला जनुक-संपादनाचा पहिला उपचारही बिघडलेल्या अक्षराला हात लावत नाही. बीसीएल११ए हे दुसरेच जनुक रक्तपेशींपुरते मंद करतो आणि गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करतो. एका जनुकाच्या आजारावरही मार्ग सापडला तो जनुकांच्या संगतीतूनच.

बहुतेक गुण तर सिकल सेलइतके सुटसुटीतही नसतात. लातूर जिल्ह्याची देवणी गाय पाहा. चेहऱ्याच्या बाजू काळ्या असलेली वानेरा, पांढऱ्या अंगाची बालंक्या आणि अंगभर काळे ठिपके असलेली शेवरा असे तिचे तीन प्रकार जाणकार ओळखतात. रंगासारखा गुण मोजक्या जनुकांवर ठरतो, म्हणून तो पिढ्यान् पिढ्या ओळखू येतो. दूध, उष्णता सोसण्याची ताकद, गोचिडांना न जुमानणे, हलक्या चाऱ्यावर निभावणे हे गुण मात्र शेकडो जनुकांच्या लहान लहान वाट्यांतून येतात. कंधारच्या लाल कंधारीचा गडद लाल रंग डोळ्यांत भरतो. तिचे बैल वैशाखाच्या उन्हात औताला टिकतात ते गुण नजरेला न दिसणारे आहेत. जास्त दुधासाठी विदेशी रक्ताचा संकर केला की दूध वाढते, पण हिरवा चारा, भरपूर पाणी आणि सावली मिळाली तरच. टँकरच्या गावात ती गाय तिच्या जनुकांइतके दूध देऊच शकत नाही.

मग जनुकांना महत्त्वच नाही का? तेही म्हणता येत नाही. कितीही खत घातले तरी बिगर-बीटी झाडात बीटी प्रथिन तयार होणार नाही. उत्तर भारतात अमेरिकन कापसाला ग्रासणारा पाने मुरडणारा विषाणू आपल्या गावरान कापसाला बाधत नाही, आणि ती देणगी त्याच्या जनुकांचीच आहे. परभणीच्या महबूब बागेतल्या शास्त्रज्ञांनी देशी झाडात लांब धागा आणून पीए-२५५ अर्थात ‘परभणी तुराब’ सारखे वाण दिले, ते योग्य जनुके निवडून गोळा केल्यामुळेच. जनुके शक्यता किती हे ठरवतात, त्यातले पदरात किती पडेल हे परिस्थिती ठरवते. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत.

माणसाच्या बुद्धीविषयी बोलताना हे भान सर्वांत जास्त लागते. १९९०च्या दशकात लातूर पॅटर्नने राज्याचे लक्ष वेधले. ज्यांच्या घराण्यात कोणी डॉक्टर-इंजिनिअर नव्हता, अशी शेतकऱ्यांची, मजुरांची मुले गुणवत्ता याद्यांत झळकली. लोकसंख्येतली जनुके दहा-पंधरा वर्षांत बदलत नसतात; बदलले ते शिकवणे, सराव आणि अपेक्षा. माणसामाणसांतल्या फरकात जनुकांचा वाटा असतो हे मान्य करूनही, एखादी जात किंवा एखादा प्रदेश जन्मजात मागे आहे असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. एकाच पोत्यातले बियाणे काळ्या जमिनीत आणि मुरमाड माळावर पेरले तर दोन शेतांतल्या उत्पन्नातला फरक जमिनीचा असतो, बियाण्याचा नसतो.

म्हणून जनुकांचे ज्ञान वापरताना अर्ध्यावर थांबू नये. बियाणे घेताना पाकिटावरच्या जनुकासोबत वाणाची मुदत, कोरडवाहूतली कामगिरी आणि रस शोषणाऱ्या किडींची सहनशीलता विचारावी. नांदेडच्या केंद्राने अलीकडे दिलेल्या एनएच-१९०१ बीटी सारख्या सरळ वाणांची सरकी राखून पुन्हा पेरता येते, त्यांची चाचणी आपल्या रानात घ्यावी. बिगर-बीटी ओळी टाळू नयेत, आणि डिसेंबर संपला की फरदडीचा मोह सोडून पऱ्हाटी उपटावी. किनवट-माहूरच्या तरुणांनी लग्नाआधी सिकल सेलची तपासणी करून घ्यावी, कारण दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्यात आजाराची शक्यता चारात एक असते आणि ते आधी कळले तर निर्णय हातात राहतो. देवणी, लाल कंधारी आणि गावरान कापूस शेतात व गोठ्यात जिवंत ठेवणे हे सरकारचे, विद्यापीठांचे आणि आपले सामाईक काम आहे, कारण उद्याच्या दुष्काळाला आणि उद्याच्या किडीला लागणारी जनुके त्यांतच आहेत आणि एकदा गेली तर ती विकत मिळणार नाहीत.